वाटेगाव ते मॉस्को

दरवर्षी १ ऑगस्टला आपल्या गोवंडी-मानखुर्दच्या बाजूला लोकशाहीर अण्णाभाऊ साठे यांची जयंती होते. मानखुर्दला तर त्यांच्या नावाची वस्तीच आहे, साठेनगर. मिरवणूक निघते, डफ वाजतो, वक्ते बोलतात. वक्ते बहुधा दोन गोष्टी सांगतात. अण्णाभाऊ दीड दिवस शाळेत गेले, आणि अण्णाभाऊ रशियाला गेले. या दोन वाक्यांच्या मध्ये काय घडले आणि रशियाला पोहोचल्यावर त्यांच्यापुढे कोणते शहर उभे होते, हे फारसे कुणी सांगत नाही. म्हणून या लेखात अण्णाभाऊंच्या आयुष्याकडे एका साध्या बाजूने पाहायचे आहे. ते कुठून कुठे गेले, कशाने गेले, आणि त्यांना जाऊ कुणी दिले. त्यांच्या साहित्याचे मूल्यमापन करण्याचा माझा अधिकार नाही. ते काम आपले प्राध्यापक अधिक चांगले करतील.

अण्णाभाऊंचे पाळण्यातले नाव तुकाराम. वडील भाऊराव, आई वालुबाई. जन्म १ ऑगस्ट १९२० चा, वाळवा तालुक्यातील वाटेगावचा. वाटेगाव तेव्हा सातारा जिल्ह्यात मोडत असे, आता ते सांगली जिल्ह्यात आहे. घर मांगवाड्यात, म्हणजे गावकुसाबाहेर. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे तो वाढवीत नेला. काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या गेल्या. त्यात साताऱ्याकडचे मांगही सापडले. ज्याच्यावर हा शिक्का बसला त्याला चावडीवर हजेरी द्यावी लागे आणि परवानगीवाचून गाव सोडता येत नसे. ‘फकिरा’ ज्यांनी वाचली आहे त्यांना ही हजेरी म्हणजे काय ते ठाऊक आहे. आपण लोकलचा पास काढतो आणि वाटेल तिथे उतरतो. एखाद्या माणसाला शेजारच्या गावी पाहुण्याकडे जायचे तरी विचारावे लागते, ही कल्पनाही आपल्याला करवत नाही. देशभरातून हा कायदा गेला तो १९५२ साली. अण्णाभाऊ तेव्हा बत्तीस वर्षांचे होते.

भाऊराव मुंबईला साहेबलोकांच्या बंगल्यांत बागकाम करीत. गावाकडे दुष्काळ, हाताला काम नाही. तेव्हा त्यांनी बायकामुलांना मुंबईला न्यायचे ठरवले. १९३१-३२ च्या सुमाराची ही गोष्ट. गाडीभाड्याला पैसे नव्हते, म्हणून सगळे कुटुंब चालत निघाले. वाटेत मिळेल ते काम करायचे, चार दिवस पोट भरायचे आणि पुन्हा पुढची वाट धरायची, असे करीत ते मुंबईपर्यंत आले. आज साताऱ्याकडून रात्री एस. टी. धरली तर माणूस पहाटे मुंबईत उतरतो. त्या वाटेला या कुटुंबाचे महिने गेले. अकरा-बारा वर्षांच्या तुकारामाने घाट, खडी आणि उपाशी मुक्काम सारे पायांखाली घेतले. पुढे त्यांच्या कथांमधली माणसे इतकी का चालतात, हे मला हा प्रवास वाचल्यावर कळले.

मुंबईत हे कुटुंब भायखळ्याला चांदबीबीच्या चाळीत राहू लागले. मुंबईत तेव्हा विजेची ट्राम होती, रेल्वे होती, बस होती. पण हमाली करणाऱ्या पोराला ट्रामचा आणाही जड होता. तुकारामाने हमाली केली, फेरीवाल्याबरोबर कापडाचे गाठोडे वाहिले, पुढे गिरणीत काम केले. गाठोडे डोक्यावर घेऊन तो मुंबई हिंडला आणि त्याच हिंडण्यात अक्षर शिकला. दुकानांच्या पाट्या, सिनेमाच्या जाहिराती, भिंतीवरचे फलक हीच त्याची अंकलिपी. दीड दिवसाची शाळा सुटली असेल, पण रस्त्याची शाळा बरीच वर्षे चालली. ट्राममध्ये बसून गेला असता तर इतक्या पाट्या वाचून झाल्या नसत्या, असे गमतीने म्हणता येईल. अर्थात ही गंमत आपण आज करायची. गाठोड्याखाली मान दुखत असताना ती सुचत नाही.

मधली वर्षे थोडक्यात सांगतो. गिरणी कामगारांच्या संपांतून ते कम्युनिस्ट चळवळीत आले. काही काळ गावी जाऊन तमाशात काम केले, बेचाळीसच्या लढ्यात पडले, पुन्हा मुंबईला आले आणि माटुंग्याच्या लेबर कॅम्पात रमले. अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. तमाशाचे लोकनाट्य झाले ते याच मंडळींच्या हातून. सरकारने या पथकावर बंदी घातली, पण लोक ऐकायचे थांबले नाहीत. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांची मुंबईवरची गाणी गिरणगावात तोंडपाठ होती.

आपल्या विषयाच्या दृष्टीने या वर्षांतली एक गोष्ट महत्त्वाची आहे. दुसऱ्या महायुद्धात व्होल्गा नदीकाठच्या स्टालिनग्राड शहरात घराघरातून लढाई झाली आणि फेब्रुवारी १९४३ मध्ये जर्मन फौज शरण आली. अण्णाभाऊंनी त्यावर पवाडा रचला. ज्याने समुद्र ओलांडला नव्हता त्याने दूरच्या रशियातले शहर मुंबईच्या कामगारवस्तीत डफावर उभे केले. म्हणजे रशियात ते १९६१ साली गेले खरे, पण पवाड्यातून अठरा वर्षे आधीच जाऊन आले होते. त्यांच्या लिखाणाचे रशियन अनुवादही झाले आणि ते स्वतः पोहोचण्याआधी त्यांचे नाव तिकडे पोहोचले.

‘फकिरा’ १९५९ साली प्रसिद्ध झाली. ती त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अर्पण केली आहे. १९६१ साली तिला राज्य सरकारचे पारितोषिक मिळाले. त्या काळात ते घाटकोपरला चिरागनगरच्या झोपडपट्टीत राहत होते. आपल्याला चिरागनगर लांब नाही. गोवंडीहून हार्बरची गाडी धरायची, चेंबूर, टिळकनगर करत कुर्ल्याला उतरायचे, पूल ओलांडून मध्य रेल्वेच्या गाडीने विद्याविहार आणि मग घाटकोपर. तिथून पायी. आपल्यापैकी कित्येकांच्या घरात जेवढी जागा आहे तेवढ्याच जागेत बसून त्यांनी आयुष्यभरात तीसहून अधिक कादंबऱ्या आणि कितीतरी कथा लिहिल्या. टेबल-खुर्ची नाही म्हणून अभ्यास होत नाही, ही आपली सबब या ठिकाणी टिकत नाही.

या झोपडीतून १९६१ साली अण्णाभाऊ एका भारतीय शिष्टमंडळाबरोबर सोव्हिएत रशियाला गेले. मॉस्को, लेनिनग्राड, बाकू, स्टालिनाबाद, ताश्कंद ही शहरे त्यांनी पाहिली आणि परत येऊन ‘माझा रशियाचा प्रवास’ हे छोटेसे पुस्तक लिहिले. मराठीत परदेशी प्रवासाची पुस्तके पुष्कळ आहेत. पण ती बहुतेक शिकायला गेलेल्यांनी, अधिकाऱ्यांनी किंवा पैसेवाल्यांनी लिहिलेली. मुंबईला चालत आलेल्या माणसाने लिहिलेले हे पुस्तक त्यात वेगळे उठून दिसते. ते मिळवून मुळातूनच वाचावे. त्यातली वाक्ये मी इथे उतरवून घेत नाही. अण्णाभाऊंच्या डोळ्यांपुढे जे मॉस्को होते त्यात नवख्या माणसाने कसे फिरायचे, एवढेच सांगतो.

मॉस्कोचा नकाशा कांद्याच्या चकतीसारखा आहे. मध्यभागी क्रेमलिन, त्याच्याभोवती बागांचा एक रस्ता, त्याबाहेर दुसरा मोठा गोल रस्ता. मधून निघालेले रस्ते चाकाच्या आऱ्यांप्रमाणे चहूकडे जातात. आपली मुंबई उत्तर-दक्षिण काडीसारखी लांब आहे. इथे चुकला तर माणूस फार तर पुढच्या स्टेशनात जातो. मॉस्कोत चुकला तर गोल फिरत राहतो. परक्या माणसाला हे आधी ध्यानात घ्यावे लागते.

या शहराची सर्वांत मोठी सोय म्हणजे जमिनीखालची मेट्रो. ती १५ मे १९३५ ला सुरू झाली. पहिला मार्ग अकरा किलोमीटरच्या आसपासचा, स्टेशने तेरा. ती सुरू झाली तेव्हा आपला तुकाराम पंधराव्या वर्षात होता. १९६१ पर्यंत हे जाळे खूप वाढले होते. १९५४ साली पूर्ण झालेला एक वर्तुळाकार मार्ग होता. शहरातली बहुतेक मोठी रेल्वे स्टेशने त्याने एकमेकांना जोडली होती, त्यामुळे कुठल्याही गावाहून आलेला माणूस स्टेशनात उतरला की खाली मेट्रोत शिरे. मार्ग वर्तुळाकार असल्याने गाडी चुकीच्या दिशेची पकडली तरी उशीर होई, पण स्टेशन येई. ज्याला भाषा येत नाही त्याच्यासाठी ही केवढी दया आहे!

दुसरी दया भाड्याची. १९६१ च्या १ जानेवारीला तिथे नवे चलन आले आणि मेट्रोचे भाडे झाले पाच कोपेक. शंभर कोपेकचा एक रुबल. एक स्टेशन जा नाहीतर शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जा, पाचच कोपेक. खाली जाताना दारात यंत्र होते. नाणे टाकले की वाट मोकळी, न टाकता कुणी घुसू लागला की दोन्ही बाजूंनी दांडे फटकन बाहेर येत. मग सरकता जिना. काही स्टेशने इतकी खोल की जिन्यावर उभ्या उभ्या लोक वर्तमानपत्राचे पान वाचून संपवीत. खाली पोहोचले की संगमरवर, झुंबरे, रंगीत खड्यांची चित्रे. क्रांती चौकाच्या स्टेशनात कमानीकमानीला ब्राँझचे पुतळे आहेत. त्यात राजे नाहीत. कामगार आहे, शेतकरीण आहे, कुत्रा घेतलेला सीमेवरचा शिपाई आहे. ही स्टेशने म्हणजे महालच, पण महालात शिरायला पाच कोपेक पुरत. ज्याला मुंबईत ट्रामचा आणा महाग होता त्याच्या दृष्टीने या एका गोष्टीचा अर्थ काय, हे वेगळे सांगायला नको.

जमिनीवरही साधने कमी नव्हती. ट्रामला तीन कोपेक, ट्रॉलीबसला चार, बसला पाच. ट्रॉलीबस म्हणजे वरच्या तारांवर चालणारी, पण रुळांवाचून धावणारी बस. मुंबईत ती १९६२ साली आली आणि १९७१ साली गेलीही. आपली ट्राम ३१ मार्च १९६४ ला बंद झाली. मॉस्कोची ट्राम अजून आहे, ट्रॉलीबस मात्र तिथेही २०२० साली बंद पडली. बागांच्या गोल रस्त्याने जाणाऱ्या एका ट्रामला मार्गाचे अक्षर म्हणून ‘अ’ होते आणि लोक तिला लाडाने अन्नुष्का म्हणत. आपल्या अण्णांना हे नाव कानावर पडले असते तर त्यांनी त्यावर नक्की एखादी कोटी केली असती. त्याच काळात काही गाड्यांतून कंडक्टर काढून पैशांच्या पेट्या बसवल्या जात होत्या. पेटीत आपणच नाणे टाकायचे आणि आपणच तिकीट फाडून घ्यायचे. गर्दी असली तर नाणे एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात पेटीपर्यंत जाई आणि तिकीट त्याच वाटेने परत येई. आपल्या संध्याकाळच्या लोकलमध्ये हा प्रयोग करून पाहावा असे मी कुणाला सुचवणार नाही.

टॅक्सीच्या काचेत हिरवा दिवा असला म्हणजे ती मोकळी. उन्हाळ्यात मॉस्कवा नदीवरून बोटी चालत. हिवाळ्यात नदी गोठे, तेव्हा बोटी बंद. शिष्टमंडळाच्या पाहुण्यांना सरकारी मोटार आणि दुभाष्या मिळण्याची पद्धत होती. मोटारीत बसले की कुठे उतरायचे ते दुसरा ठरवतो. म्हणून मला वाटते, पाहुण्याला शहर खऱ्या अर्थाने पाहायचे असेल तर तीनच साधने खरी: मेट्रो, ट्राम आणि स्वतःचे पाय.

इथे एक अडचण होती, आणि ती आपल्या लोकशाहीरालाच सर्वांत चांगली कळू शकत होती. मॉस्कोच्या सगळ्या पाट्या रशियन लिपीत. त्या लिपीची काही अक्षरे रोमनसारखी दिसतात आणि नवख्याला फसवतात. इंग्रजी पी वाटते तो र असतो, सी वाटतो तो स, बी वाटतो तो व. जो माणूस मुंबईच्या पाट्या वाचून साक्षर झाला तो चाळिशीत पुन्हा पाट्यांपुढे निरक्षर होऊन उभा राहिला. फक्त मेट्रोवरचे म हे अक्षर तेवढे सगळीकडे सारखे, रात्री लाल दिव्याचे, दुरून ओळखू येणारे.

आता मघाचा प्रश्न राहिला: जाऊ कुणी दिले? रशियाची नुसती स्तुती करून हा लेख संपवता आला असता, आणि जयंतीच्या भाषणांत तसे होतेही. पण प्रामाणिकपणे दुसरी बाजू पाहिली पाहिजे. ज्या सुमारास साठे कुटुंब वाटेगावहून पायी मुंबईला आले, त्याच सुमारास, डिसेंबर १९३२ मध्ये, सोव्हिएत सरकारने देशांतर्गत पासपोर्टची पद्धत आणली. शहरात राहायचे तर हा पासपोर्ट आणि त्यावर राहण्याची नोंद हवी. सामुदायिक शेतीवरच्या शेतकऱ्यांना तो सरसकट दिलाच नाही. त्यांनाही पासपोर्ट मिळावा असा निर्णय झाला तो १९७४ साली. याचा अर्थ काय होतो? रशियातल्या एखाद्या खेड्यातला भाऊराव दुष्काळाला कंटाळून बायकामुलांसह चालत मॉस्कोला निघाला असता तर त्याला तिथे राहू दिले नसते. आपल्या भाऊरावाला मुंबईने अंगण दिले नाही, पण चांदबीबीच्या चाळीत कोपरा दिला. मॉस्कोने आपल्या शहरातल्या कामगाराला संगमरवरी मेट्रो दिली आणि खेड्यातल्या शेतकऱ्याला दारातच अडवले. हजेरी देणाऱ्या जमातीतल्या लेखकाच्या चरित्रात ही गोष्ट आल्यावाचून राहू नये असे मला वाटते.

याने अण्णाभाऊंच्या प्रवासाचे मोल कमी होत नाही. पाहुण्याला जे दाखवले जाते ते तो पाहतो, आणि अण्णाभाऊंनी जे शोधले ते त्यांच्या आयुष्याने त्यांना शोधायला लावले. ज्याने मुंबईत माणसांना पदपथावर झोपताना पाहिले तो काम, घर आणि मान मिळालेला कामगार शोधणारच. मॉस्कोतला कामगार त्यांना तसा दिसला, आणि त्यांनी तो मराठी वाचकांपुढे उभा केला. मात्र त्याच वर्षी तो देशही आपले काही पुसून टाकत होता. ऑक्टोबर १९६१ च्या शेवटी स्टालिनचे शव लाल चौकातल्या समाधीतून काढून बाहेर पुरले गेले. नोव्हेंबरमध्ये स्टालिनग्राडचे नाव बदलून व्होल्गोग्राड झाले, आणि स्टालिनाबादला दुशान्बे हे जुने नाव परत मिळाले. ज्या शहराचा पवाडा अण्णाभाऊंनी गायला ते शहर नकाशावर त्या नावाने उरले नाही. पवाड्यात मात्र ते नाव आहे तसेच आहे.

परतल्यानंतरची वर्षे चांगली गेली नाहीत. कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले, नाव झाले, पैसा हाती राहिला नाही. शेवटच्या काळात ते गोरेगावच्या सिद्धार्थनगरात राहत होते. १८ जुलै १९६९ ला, वयाला पन्नास वर्षेही पूर्ण झाली नसताना, त्यांचे निधन झाले. मुंबईची पहिली मेट्रो सुरू झाली ती ८ जून २०१४ ला, वर्सोवा ते घाटकोपर. तिचे शेवटचे स्टेशन घाटकोपर, म्हणजे चिरागनगरच्या जवळच. जमिनीखालची मेट्रो मुंबईला मिळायला २०२४ साल उजाडले.

१४ सप्टेंबर २०२२ ला मॉस्कोच्या रुदोमिनो परकीय साहित्य ग्रंथालयात अण्णाभाऊंच्या पुतळ्याचे अनावरण झाले. महाराष्ट्राचे तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते ते झाले. आपल्यापैकी कुणाचे कधी मॉस्कोला जाणे झालेच तर वाट सोपी आहे. लाल म पाहून खाली उतरायचे, वर्तुळाकार मार्गावरची कुठलीही गाडी धरायची आणि तागान्स्काया स्टेशनात उतरायचे. हे स्टेशन १९५० साली उघडले. गाडी कोणत्या दिशेची मिळाली याची काळजी करू नये. सरकत्या जिन्याने वर आले की याउझा नदीच्या बाजूला, निकोलोयामस्काया रस्त्याच्या टोकाला ते ग्रंथालय आहे. स्टेशनापासून साधारण किलोमीटरभर अंतर, आणि ते चालतच जायचे.